सर्वानुमते

लाईट गेली की माझा प्रचार सुरू व्हायचा.
पट्टा थांबला, गिरणी गप्प झाली
की डबे घेऊन बसलेल्या बाया
माझ्याच तोंडाकडं बघायच्या.
आठ दिवस भारनियमनानं मला साथ दिली.
मी म्हणलं, शाळा समितीला उभी राहायलेय.
एक म्हणाली, उभीच तर असतीस की दिवसभर.

मागायला माझ्याकडं एकच गोष्ट:
पोरींच्या संडासाचं कुलूप.
बांधून तीन वर्षं झाली,
भिंतीवर निळं फुलपाखरू काढलंय,
'स्वच्छता' शब्दातला च्छ चुकलाय,
आणि चावी मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरात.
तपासणीचे साहेब आले की निघते.

समोर माधवराव.
त्यांची दोन्ही लेकरं गंगाखेडला, इंग्रजीत, पिवळ्या बसनं.
म्हणून जूनमध्ये पुतण्याचं नाव पटावर चढलं
आणि माधवराव पालक झाले.
त्यांनी प्रचार केला नाही.
पारावर नुसतं म्हणाले,
"गिरणीवालीला संडासाचं लई पडलंय."
तेवढं पुरलं.
चार दिवस गाव हसलं.

नवरा म्हणाला, जाऊ दे, ज्वारी दळ.
सभेच्या दिवशी मात्र
त्यानं स्वतः पट्टा चढवला,
गिरणी आज मी बघतो म्हणाला.
एक मत तिथंच कमी झालं
हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

वेळ साडेअकराची, सुरू झाली एकला.
सतरंजीवर बाया, खुर्च्यांवर माणसं.
सर म्हणाले, आता हात वर करून.

चौथीपर्यंत मी वर्गात
हात वर केलाच नव्हता.
फक्त करंगळी.
ती बी बाई असल्या तर.
सर असले की दाबून धरायचं,
सुटेपर्यंत.

आधी माधवरावांचे हात मोजले. सव्वीस.
मग सर म्हणाले, द्वारका केंद्रे.
डबा पुढं करणारे हात मी
बांगड्यांवरून ओळखते,
पीठ उडत असलं तरी, अंधार असला तरी.
मी मान वळवणार
तेवढ्यात खिडकीच्या गजातून
ईश्वरीची करंगळी.

उठले.

शाळेमागं दोन बाभळी, पुढं रान,
सोयाबीन अजून गुडघ्याएवढं,
आडोशाला कामाचं नाही.
पदर धरला दोन्ही हातांनी.
मागून सरांचा आवाज: एक, दोन, तीन, चार,
मग वारं फिरलं.
लेक म्हणाली, इकडं बघू नको.
मी रस्त्याकडं तोंड केलं.

परत आले तर चहा वाटणं चालू.
कुणी सांगतं अकरा, कुणी सांगतं चोवीस,
सुलोचना म्हणते, मी दोन्ही वेळा केला, चुकून.
रजिस्टरात सरांनी लिहून ठेवलं होतं
'सर्वानुमते', वळणदार.
त्यात च्छ नव्हता, चुकायला जागाच नव्हती.
"सही करा, तुम्हाला बी सदस्य घेतलंय."
पेन घेतलं. टोपण काढलं.
परत लावलं.

दर शनिवारी सर एक पोरगं धाडतात,
सातवीतलं, बगलेत रजिस्टर.
मी विचारते, चावी दिली का?
ते म्हणतं, न्हाई, सही घे म्हणलेत.
मी त्याच्या आईचा डबा
नंबर नसताना आधी दळून देते
आणि पोरगं माघारी लावते.

चार शनिवार झाले.
सह्यांच्या पानावर एक रेघ कोरी आहे.
रजिस्टर गिरणीवर ये-जा करतंय,
त्या रेघेवर आता
थोडं पीठ सांडलंय.