हातांपुरता

रीनोच्या त्या थिएटरात आम्ही तिघंच.
मी, बाबा, आणि मागे कुणीतरी पॉपकॉर्न खाणारा.

चेहरा नटाचा. हात बाबांचे.
अंगठ्याचं नख गाडीच्या दारात चेंगरलेलं,
वर रंग फासला होता,
तरी मी ओळखलं.

नऊ टेक झाले म्हणे.
दिग्दर्शक म्हणाला, थरथरतोय,
जुगाऱ्याचा हात असा नसतो, ऑर्विल.
दहाव्यांदा बाबांनी श्वास कोंडून पत्ता उलटला.

पडद्यावर त्यानं घड्याळ गहाण टाकलं
आणि पुढच्याच क्षणी तो टेबलाशी.
मधला बसथांबा नाही, त्यावरचं बर्फ नाही,
फुकटच्या सूपची रांग नाही,
डेंटिस्टच्या दारातून परत आणलेली मी नाही.

शेवटी नट हरला. काय देखणा हरला!
कोट खांद्यावर टाकून वाळवंटात चालत गेला.
मागे कुणीतरी नाक ओढलं.

नावं संपेपर्यंत आम्ही बसून राहिलो.
ऑर्विल टकाच कुठेच आलं नाही.
बाबांचे हात मांडीवर
पत्ते नसताना पत्ते पिसत होते.

"सत्तीच्या जोडीवर कुणी सगळं लावतं का?"
ते म्हणाले, आणि पार्किंगमध्ये पुन्हा तेच.

मी काही बोलले नाही.
किल्ली माझ्याकडे होती.