चारच भेटी

सरकारी कागदावर चारच भेटी मंजूर,
पन्नास मिनिटांची एक.
खोली पूर्वी दाताच्या डॉक्टरची.
खुर्ची उपटून नेली, तिचे स्क्रू मात्र
अजून जमिनीतून डोकं काढून आहेत.
लिअँडर पिनसेंट, वय सतरा,
पहिल्या दिवशी त्या स्क्रूंशीच बोलला:
"इथे दुखायचं का?"
"भूल द्यायचे," मी म्हटलं.
"तुम्ही देता?"
"नाही."
मग खिडकीबाहेर न्यूफाउंडलंडचं गोठलेलं बंदर,
आत आम्ही दोघं आणि हीटरची कुरकुर.
एकोणपन्नासाव्या मिनिटाला, दाराची मूठ हातात:
"मला झोप येत नाही हो."
नेहमी असंच. खरं वाक्य
कोट चढवल्यावरच बाहेर पडतं.

दुसऱ्या भेटीत कळलं,
बाप अल्बर्टात तेलाच्या कामावर,
एकवीस दिवस तिकडे, सात दिवस घरी,
त्या सात दिवसांत घर चवड्यांवर चालतं.
आई वृद्धाश्रमात रात्रपाळीला.
तीन वाजता फ्रीजची घरघर थांबते
तेव्हा वाटतं, आता आपली पाळी.
मी विचारलं. आडवळणाने नाही, सरळ:
मरायचा विचार येतो?
"येतो. बसतो. जातो.
चहा न घेता."
आणि माझ्याकडे पाहिलं,
आता धावाधाव होणार अशा नजरेने.
मी आधी पेन्सिल उचलली.
फोन नंतर, त्याला विचारून:
बापाच्या शिकारीच्या बंदुकीची किल्ली
आजपासून आईच्या पर्समध्ये.
"तीन वाजता आणखी कोण जागं असतं?"
बराच वेळ गेला.
"मर्टल आत्या. दुकानासाठी पाव करते."
कार्डावर तिचा नंबर, त्याच्याच अक्षरात.

तिसऱ्या भेटीला तो आला नाही.
न आलेली भेटही मोजतात.
घरी फोन केला. झोपलाय, आई म्हणाली,
आणि तो शब्द तिने असा हळू ठेवला
जसं ओल्या हातातलं अंडं.
उरलेला वेळ मी स्क्रू मोजले. सहा.

चौथ्याला अर्धा तास उशिरा. बाहीला पीठ.
आत्या काही विचारत नाही, म्हणाला,
नुसता गोळा पुढे सरकवते, मळ म्हणते.
रोज जात नाही.
मंगळवार वाईट गेला.
परवा बाप येणार, तेही वाईटच जाईल.
वीस मिनिटांत आम्ही त्या सात दिवसांचा तक्ता आखला.
तीन चौकोन रिकामे राहिले. राहू दिले.

संध्याकाळी माझी गाडी सुरू होईना.
उणे अठरा. समोर आईच्या ट्रकमध्ये
तो अजून बसलेला. का, ते मी विचारलं नाही.
केबल घेऊन आला. लाल लालला.
"काळी बॅटरीला नाही, मिस.
लांब, उघड्या लोखंडाला."
इंजिन खोकलं, नाही म्हणालं, मग लागलं.
बॉनेट आपटून तो म्हणाला,
"लगेच बंद करू नका. अर्धा तास फिरवा."

माझं घर सहा मिनिटांवर.
मी बंदराला वळसा घातला, मग दीपगृहापर्यंत,
मग उगाच परत.
बाजूच्या सीटवर त्याची फाईल,
खूण करायचा चौकोन अजून कोरा,
आणि पायांशी कुठे आत्ता
गरम हवा यायला लागली होती.