पोच

सेमोनकाँगच्या दवाखान्यातून लिमाकात्सोचा फोन:
"तुझं ते चाक वीस मिनिटं फिरतंय.
काही जातंय का, की नुसतंच फिरतंय?"

खरं तर मलाही माहीत नव्हतं.
चाक मीच काढलेलं. त्याला फिरण्यापलीकडे
कसलीच पोच नव्हती.
घोड्यावरून पडलेल्या मेंढपाळ पोराचा एक्स-रे,
अठरा एमबी, डोंगरावरच्या एकुलत्या टॉवरवरून
मासेरूकडे निघालेला,
आणि धीर सुटला की ती बटण पुन्हा दाबणार,
म्हणजे पुन्हा शून्य.

मग मी सर्व्हरलाच मोजायला बसवलं.
निघालेलं कुणीही मोजेल, म्हटलं,
तू उंबऱ्याच्या आत आलेलं मोज,
घासाघासाला वहीत आकडा टाक.
दुसरी एक चिमुकली विनंती
दर दोन सेकंदांनी दारात येऊन विचारेल: किती?

तीही गप्प.
अख्खी फाईल येईपर्यंत गप्प, आणि मग एकदम
शंभर.
पंगती उठल्यावर आलेलं आमंत्रण.

रात्री दोनला, खांद्यावर ब्लँकेट,
हीटरमधलं पॅराफिन संपलेलं, तेव्हा कुठे दिसलं:
लिहिणारा वही उराशी धरून
आतून कडी लावून बसतो,
विचारणारा बाहेर ताटकळतो.
एक ओळ घातली.
लिहिलंस की वही मिट, कडी काढ.

सकाळी ती तिकडून वाचू लागली:
चार. नऊ. चौदा.
मागून त्या पोराचा, तुमेलोचा, आवाज,
हात फळीला बांधलेला, तरी हिशेब चोख:
"पाच ते आठ कुठे गेल्या?"
"पळत आत शिरल्या," ती म्हणाली.
तो हसला असावा. नीट ऐकू आलं नाही.

एकसष्टवर थांबलं.
टॉवरवर धुकं उतरलं असेल.
काल तिने बटण दाबलं असतं.
"एकसष्ट तर तुझ्याकडे पोचलेत ना?"
पोचलेत.
"मग राहू दे. मी चहा टाकते."

फोन तसाच चालू.
मी ती अर्धवट फाईल हळूच उघडून पाहिली:
कोपर, त्याखाली दोन सरळ, शहाणी हाडं,
आणि मनगटाच्या जरा अलीकडे
सगळं करडं.

मोडलेली जागा अजून डोंगरावरच होती.