काळ्या तारेचा रकाना

डिचोलीच्या वाचनालयात
दोनशे बारा ट्यूब बदलल्या.
जुनी छत्तीस वॉटची, वर चोक खाई तो वेगळा;
नवी अठराची.
सातवीतल्या पोरालाही जमेल असा हिशेब.
फळारीबाईंनी नवं बिल झेरॉक्स करून
वर्तमानपत्रांच्या स्टँडशेजारी टाचणीनं लावलं,
आणि मला बोलावलं, प्रमाणपत्रासाठी.

मी सही करायलाच आलो होतो.
कायतान म्हणाला, "साहेबा, सही मागीर.
आदीं हांगा हात लाव."

जिन्याखालचा बोर्ड. दाराची कडी गंजलेली,
आत चिनीमातीचे जुने फ्यूज, झुरळाची अंडी,
आणि चार तारा: तांबडी, पिवळी, निळी,
चौथी काळी, बाकीच्यांहून बारीक.
तळहात नाही, हाताची पाठ लावायची:
झटका बसला तर हात मागे येतो, धरून बसत नाही.
तांबडी कोमट. पिवळी कोमट. निळीही.
काळी
नुकतीच पेज वाढलेल्या वाडग्यासारखी.

मला शिकवलं होतं ते असं:
तिघींवर सारखा भार असला
की तिघींचं देणंघेणं आपसातच फिटतं,
चौथीच्या वाट्याला शून्य.
म्हणून तर ती बारीक ओढायची,
तांबं वाचतं.
तेव्हा पिवळे बल्ब होते.
लाटेबरोबर चढायचे, लाटेबरोबर उतरायचे,
साधी माणसं.

ही नवी ट्यूब तशी नाही.
लाट माथ्यावर आली की तेवढ्यात घोट घेते
आणि उरलेला वेळ तोंड मिटून बसते.
तिघींचे घोट वेगवेगळ्या क्षणी पडतात;
एकीचं दुसरीशी फिटायला
समोर त्या वेळी कुणी नसतंच.
सगळं परत जातं चौथीतून.

क्लॅम्प लावला.
दहा. अकरा. दहा.
काळीवर सतरा.
मीटर बंद करून परत चालू केला.
सतरा.

कायताननं एक ट्यूब उतरवून उघडली.
आतल्या पट्टीवर छापलेलं एक वर्तुळ,
पाय घालायला दोन भोकं,
आणि त्या जागी काही नाही.
"अकरा रुपये," तो म्हणाला,
"फार तर बारा."
निविदेची फाइल बाईंच्याच कपाटात होती.
सर्वांत कमी दर. खाली 'तपासले',
आणि त्याखाली एक सही,
शेपूट नको तेवढी लांब.
माझी.

बचत खोटी असती तर बरं झालं असतं.
बिल खरं आहे, युनिट खरेच कमी पडतात,
वर बसलेली मुलं भरतीच्या परीक्षेची पुस्तकं वाचताहेत,
उजेड पांढरा, भरपूर,
कुणाचे डोळे दुखत असले तरी
ते उजेडाला दोष देत नाहीत.

"ही तार जळून सुटली तर?" मी विचारलं,
उत्तर माहीत असून.
"पंख्याक शंभर, कंप्युटराक साडेतीनशें,"
कायतान बोर्डाचं दार लावत म्हणाला,
"जाका जें मेळटा तें."

प्रमाणपत्रात रकाने चार:
आधीचे वॉट, नंतरचे वॉट, बचत, रुपये.
काळ्या तारेला रकाना नाही.
मी समासात लिहिलं, अक्षर बारीक करत करत:
चौथी तार जाड घालावी.
ट्यूब टप्प्याटप्प्यानं बदलाव्यात.
पूर्वीची तपासणी अपुरी होती.
मग सही. या वेळी शेपूट आखूड.

फळारीबाईंनी चष्मा वर करून वाचलं.
"म्हणजे बिल वाढणार?"
"नाही."
"मग?"
मी हाताची पाठ पुढे केली,
जणू तिच्यावर अजून काही उरलं होतं.
त्यांनी हाताकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं,
स्टँडशेजारच्या टाचणीकडे पाहिलं.
"आणि हा," त्या म्हणाल्या, "कुठे लावू?"