एका बाजूचं ऊन

आधी सनमायका निघाला.
निघाला म्हणजे, रऊफ मिस्त्रीनं पटाशी घातली
आणि तो पापडासारखा मोडत मोडत आला,
आंब्याच्या रंगाचा, मधून पांढऱ्या रेघा.
मग प्लाय. प्लायमागे काथ्या.
काथ्यात उंदरांचा संसार :
शेंगांची टरफलं, निळ्या लोकरीचा धागा,
कुठल्याशा वहीचं कुरतडलेलं कव्हर,
आणि वास, न उघडलेल्या तोंडाचा.

चाकांवरची ही खोली, बारा बाय साडेसहा.
पंचाहत्तर साली सॅम्सन पेणकरांनी
भोसरीतल्या एका शेडमधून बनवून घेतली,
जीपमागे जोडून जायचं म्हणून.
कुठं, ते पावतीवर नाही.
मी भंगाराच्या भावावर आठ हजार जास्त मोजले.
घरचे म्हणाले, व्हीआरएसचे पैसे चावतायत तुला.

खडकीच्या बंगल्यामागून टेम्पोनं ओढत
रात्री दीडला ती फुरसुंगीत आणली.
हडपसरच्या पुलावर मागून कण्हल्यासारखी करत होती.

एकोणतीस वर्षं मी इन्स्पेक्शनला होते.
माल काय सांगतो ते बघायचं, माणूस काय सांगतो ते नाही.
टायरवर रबराची केसं अजून शाबूत.
बर्नरला काजळी नाही.
मोरीच्या पाइपात पाण्याचा एक डाग नाही.
लिनोलियम डावीकडे दह्यासारखं,
उजवीकडे हिरवंगार.
पडद्यांचंही तेच. डावा पार विरलेला,
उजव्याचा मरून रंग दुकानातून आणल्यासारखा.

मी टेप खाली ठेवली.
फिरत्या गाडीला ऊन चहूकडून लागतं.
हिला लागलं ते एकाच बाजूनं,
म्हणजे ती कधी वळलीच नाही.

झिजलेलं असं एकच सापडलं :
डाव्या खिडकीखालची फळी.
मध्यावर वाटीएवढा खळगा, गुळगुळीत,
कुणाच्या तरी कोपराचा.
आणि दाराच्या उजव्या चौकटीवर
तिरकी दोन भोकं, मध्ये बोटभर फिकट जागा.
रऊफ म्हणाला, देवाचं असेल काहीतरी.

संध्याकाळी पेणकरांच्या भाचीला फोन केला.
मेझुझा, ती म्हणाली. घर होतं ना ते.
मामा पुढच्याच वर्षी गेले, जीप विकली.
मामी शाळेतून आली की कप घेऊन तिथं बसायची.
कुणी आलं, तर मला आतून सांगायची,
सांग, गावाला गेलेय.
मी सांगायचे. लोक दहा पावलांवर उभे असायचे.

स्पीकर चालू होता.
झुंबरनं डोक्यावरची पाटी उतरवली,
काथ्याचा भुगा मिशीवर तसाच.
मग जरा वेळानं म्हणाला,
ताई, मग काढायचं का राहू द्यायचं?

काढा, म्हटलं.
दुसरं काय म्हणणार. खालचा सांगाडा सडला होता,
बोट लावलं की अँगलचे पापुद्रे.
दोन दिवसांत सगळं अंगणात आलं.
अॅल्युमिनियमला भाव मिळाला, प्लायला कुणी विचारेना,
तो शेजारच्या वीटभट्टीवाल्यानं नेला.
आत नुसत्या बरगड्या उरल्या,
आणि रिव्हेटांच्या भोकांतून
जमिनीवर उजेडाचे तीळ.

ती फळी मात्र मीच काढली.
स्क्रू गंजून लाकूड झालेले.
तेल सोडलं, बसून राहिले, परत तेल सोडलं.
शेवटच्या स्क्रूचं डोकं तुटलं.
कुठं लावणार, रऊफनं विचारलं.
नकाशात तिला जागा नाही.
सध्या ती माझ्या स्कूटरवर, पायाशी आडवी.

आज जॅक लावून चाकं उचलली.
बेअरिंगमधलं ग्रीस भेलीच्या गुळासारखं घट्ट,
खरवडून काढलं, रॉकेलनं धुतलं, नवीन भरलं.
रऊफनं डावं चाक हातानं फिरवलं.
आधी थोडं अडखळलं,
मग फिरायला लागलं, जराशी लचक घेत.
झुंबर मोजायला लागला, मोठ्यानं.
सव्वीसला त्याचा आकडा चुकला.
चाक चालूच होतं.