प्रश्न तिसरा, गुण दहा

'प्राचीन भारतीय आणि पाश्चात्त्य राज्यविचारांची तुलना करा.'
अठ्ठावन्न पेपर, सगळ्यांत तेच गाईडचं पाणी:
डावीकडं राजधर्म, उजवीकडं करार,
मधोमध पट्टीनं ओढलेली रेघ.

मग चित्रा बेंडकुळे. रेघ ओढायची विसरली आहे. लिहिते:
"तिकडच्यांना माणूस लांडगा दिसला, इकडच्यांना मासा.
लांडग्यांनी कागद केला, सह्या केल्या.
माशांना सही येईना,
म्हणून त्यांनी राजा आणला
आणि पिकाचा सहावा भाग कबूल केला.
सुरुवात दोन्हीकडं भीतीनंच.
सर, माझी आई बुधवारी गंगेवर विळे-खुरपी विकते.
पावतीवाला कधी पैसे घेऊन पावती देतो,
कधी नुसतेच पैसे घेतो.
पहिल्या वेळी करार. दुसऱ्या वेळी मासा."

गेल्या माघात मी या पोरांना पांडवलेण्यांवर नेलं होतं.
धापा टाकत ओसरीत बोट दाखवलं:
ही अक्षरं एका राजाच्या आईनं कोरून घेतली,
मुलाच्या माघारी,
की तो कर घ्यायचा तो धर्मानं,
रयतेच्या सुखदुःखात त्याचं सुखदुःख.
"आई असंच सांगणार ना, सर," ही म्हणाली,
"कर देणाऱ्यांनी कुठं काय कोरलंय?"
दगड महाग असतो, मी म्हणालो.
पोरं हसली. ही नाही.

शेवटचा परिच्छेद घाईत, अक्षर तिरकं:
"इकडचे म्हणाले, राजाला आधी स्वतःला जिंकायला शिकवा.
तिकडचे म्हणाले, शिकवा, पण किल्ल्या तिघांत वाटा.
दोन्ही पटतं. पण मोजायचं कशानं?
पूर आला की आम्ही एवढंच विचारतो,
दुतोंड्याच्या कुठवर आलं? कमरेला? छातीला?
राज्याला असा एक मारुती पाहिजे,
दोन्हीकडं तोंड असलेला,
आणि स्वतः पाण्यात उभा."

नमुना उत्तरात हे कुठंच नाही.
मुद्दे नाहीत, उपशीर्षकं नाहीत,
'पाश्चात्त्य'मधला एक त सगळीकडं गायब.
बाहेर नाशिकरोडच्या प्रेसची पाळी सुटली.
दिवसभर सिंह छापून माणसं घरी निघालीत,
फाटकाशी एकेकाची झडती देऊन.

मी सात लिहितो. खोडतो.
नऊ लिहितो.
गुण खोडले की शेजारी सही करावी लागते,
नियम आहे.
करतो.