नेम

मंगळवारी सकाळी नऊला लोखंडी कंटेनरमध्ये बैठक भरते.
हीटरवर कुणाचे तरी मोजे वाळत असतात.
सारायेव्होहून तीन तास लांब, नदीच्या वळणावर
आमचं गाव त्यांच्या भिंतीवर एक तक्ता आहे:
नाव, काठ, हवा असलेला परिणाम, साधन,
आणि शेवटी एक चौकोन, रंग भरायला रिकामा.

मेजर हाल्वोर्सन चांगला माणूस.
पहिल्याच दिवशी म्हणाला, सेनिया,
लक्ष्य म्हणजे मारायचा माणूस नव्हे.
लक्ष्य म्हणजे ज्याच्याकडे लक्ष द्यायचं.
आम्ही नेम धरत नाही,
नेमाने जातो.
(त्याच्या भाषेत हे इतकं नेटकं नव्हतं.
दुभाष्याला थोडं शिवून द्यावं लागतं.)

इमामाला शाळेचं छप्पर.
पलीकडच्या पाद्र्याला जनरेटर.
रेडिओवरच्या दानियेलाला दर अर्ध्या तासाला एक वाक्य:
पूल सगळ्यांचा आहे.
लाकूडगिरणीवाल्या राय्कोला रस्त्याचं कंत्राट,
दिसेल पण हाती लागणार नाही, इतक्या अंतरावर.
सहावा वेय्सिल, मधमाश्या पाळतो, वय एकसष्ट,
लोक त्याचं ऐकतात.
पाच वर्षांत त्याने पूल ओलांडलेला नाही.
हवा असलेला परिणाम: ओलांडावा.

वेय्सिल माझा बाप.
माझं आडनाव नवऱ्याचं, नवरा श्टुटगार्टला,
तक्त्यात यासाठी रकाना नाही.

आम्ही गेलो. बापाने तांब्याच्या जेझ्वात कॉफी चढवली,
मला परक्यासारखं विचारलं, साखर घेता का?
मेजरने विचारलं, तुम्हाला काय हवंय?
बाप माझ्याकडे न बघता म्हणाला,
याला सांग, याआधीच्या यादीतही माझं नाव होतं.
ती हाताने लिहिलेली होती. अक्षर राय्कोच्या पुतण्याचं.
मी त्या दिवशी पोळ्यांपाशी होतो.
दार जेवादने उघडलं.
जेवाद माझा काका.
मी मेजरला सांगितलं,
ते म्हणतात, विचार करतो.
मेजरने लिहून घेतलं.

पत्रकं पडली: दोन हात एकमेकांत, दोन्ही बाह्या निळ्या.
बापाने ती मधमाश्यांच्या धुराड्यात घातली.
कागद बरा आहे म्हणाला, सावकाश धुमसतो.

पुलावर एक शिपाई बोटाएवढं यंत्र घेऊन उभा असतो.
बायका, पिशव्या, हात हलवणारी मुलं, सगळं मोजतो.
मुलं एकतीस, मागच्या आठवड्यात सव्वीस.
दगड एक. लहान.

आणि नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी
बाप लग्नातला काळा कोट घालून,
टोपी हातात धरून पुलावर चढला.
कट्, वाजलं यंत्र.

मंगळवारी सहावा चौकोन हिरवा झाला.
कशामुळे, यावर अर्धा तास वाद:
पत्रकं की रेडिओ की कॉफी?
शेवटी कॉफीला साठ टक्के मिळाले.
मेजरने माझ्यासाठी केक मागवला होता, वर बदाम.
मी खाल्ला. चांगला होता.

तो राय्कोला एकच प्रश्न विचारायला गेला होता.
कुठे?
गिरणीतले लोक सांगतात, राय्कोने करवत बंद केली
आणि संध्याकाळपर्यंत परत लावली नाही.
काय बोलले ते मला माहीत नाही.
त्या दोघांना दुभाषी लागत नाही.

तक्त्यावरून सहावी ओळ पुसली,
सातवा सहावा झाला.
मेजरने विचारलं, घरी सगळं ठीक?
मी हो म्हणाले.

आमच्या पडवीत, खिळ्याला टांगलेलं फावडं
शुक्रवारपासून जागेवर नाही.